घेण्याआधी : हलकी म्हणजे किती हलकी?



गेल्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं, तेव्हा पुढचा लेख वॉटर प्युरिफायरवर असं ठरलं होतं. पण मध्येच आपल्या मंडळातल्या एका मुलाचा मेसेज आला. तो सहा महिन्यांपूर्वी अमेरिकेत, साउथ डकोटा राज्यात नोकरीला गेला आहे. "दादा, ऑफिसातले लोक ऑक्टोबरात फेझंटच्या शिकारीला बोलावताहेत. जाऊ का? आणि बंदूक घ्यायची झाली तर कोणती? सगळे म्हणतात, हलकी सेमी-ऑटोमॅटिक घे."

बडोद्याच्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकात बंदुकीवर लिहायचं म्हणजे जरा धाडसच. पण त्याच राज्यातल्या सू फॉल्स शहरात मी चार वर्षं होतो. आणि नेमकी हीच निवड करायला मी एकाला मदत केली होती, माझ्या नेहमीच्या एक्सेल शीटसकट. ती निवड चुकली. म्हणून हा लेख.

आधी कायद्याचं बोलू. अमेरिकेत एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला साधारणपणे बंदूक किंवा काडतूसही जवळ बाळगता येत नाही. मोठा अपवाद म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून चार वर्षांत मी कुणाच्या बंदुकीला हातही लावला नाही. चाललो, पाहिलं, हिशेब करून दिले. आणि आपल्याकडे तर प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार इथे हौसेची शिकार बंद आहे. तेव्हा हा लेख तिथला, तिथल्या माणसांचा.

काका आणि त्यांची कुत्री

आमच्या टीममधले सर्वांत ज्येष्ठ सहकारी तेव्हा ६२ वर्षांचे होते. तिकडे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारायचो. पण मनात ते काकाच होते, म्हणून इथे काकाच म्हणतो.

काकांकडे एक पॉइंटर जातीची कुत्री होती, ११ वर्षांची. गवतात पक्षी दडलेला आहे हे वासाने कळलं की ती जागच्या जागी थिजते, एक पाय उचललेला, नाक त्या दिशेला. शिकारी पुढे जातो, पक्षी उडतो, मग बंदूक. असे माळावरचे, गवतातले पक्षी म्हणजे तिकडच्या भाषेत 'अपलँड' पक्षी : फेझंट, ग्राउज, तितर, बटेर. यात एका जागी बसून राहायचं नसतं. दिवसाला १०-१२ किलोमीटर चालायचं, कमरेएवढ्या गवतातून, आणि बंदूक सतत दोन्ही हातांत छातीसमोर तिरकी धरून.

काकांची जुनी बंदूक होती बारा बोअरची, वजन ८ पौंड, म्हणजे ३.६ किलोच्या वर. आदल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण दोन तासांत हात भरून यायचा आणि ते परत फिरायचे. कुत्री मात्र गाडीपाशी येऊन पुन्हा गवताकडे बघत उभी राहायची. "तिचे एक नाहीतर दोन सीझन उरलेत," काका मला म्हणाले. "माझ्या हातामुळे ते वाया जायला नकोत. तू सगळ्यांना वस्तू निवडून देतोस ना? मला एक हलकी बंदूक निवडून दे."

त्या रात्री आईशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मुका जीव तो. त्याला मारायला तू हिशेब करून देणार?"

मी तिला तिथली पद्धत सांगितली. फेझंट हा मूळचा तिथला नाहीच. १८८१च्या सुमारास शांघायमधल्या अमेरिकन वकिलाने हे पक्षी चीनहून ओरेगॉनला पाठवले आणि साउथ डकोटात ते १९०८च्या सुमारास सोडले गेले. पहिला सीझन १९१९ साली झाला, आणि १९४३पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. फक्त नर मारायचा, माणशी दिवसाला तीन. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीची पिलं कमी होत नाहीत. बंदुका आणि काडतुसांवर जो केंद्रीय कर आहे, त्याचा पैसा १९३७च्या कायद्यानुसार वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासासाठी जातो. मारलेला पक्षी लोक घरी नेऊन खातात.

आईने सगळं ऐकलं. "बरं. पण मारायचाच तर एका दमात मरतो ना रे तो?"

मी म्हणालो, "हो, मरतो."

माझी एक्सेल शीट

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एक काडतूस उडतं, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. पुढच्या बारासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. छर्ऱ्याच्या बंदुकीत ही युक्ती पहिल्यांदा नीट जमवली जॉन ब्राउनिंग यांनी. त्यांची ऑटो-५ ही बंदूक विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बाजारात आली आणि १९९८पर्यंत बनत राहिली. तिच्यात नळीच मागे सरकते. आजच्या बंदुकांमध्ये मुख्यतः दोन पद्धती आहेत.

एक गॅसची. बार उडाल्यावर नळीतला थोडा गॅस छोट्या भोकांतून बाहेर घेऊन एक दट्ट्या ढकलतात आणि तो यंत्रणा फिरवतो. १९६३ साली आलेली रेमिंग्टन ११०० याच जातीची. दुसरी इनर्शियाची, बेनेली या इटालियन कंपनीने गाजवलेली. यात गॅस घेत नाहीत. बंदूक धक्क्याने मागे येते तेव्हा बोल्टचा जड भाग जडत्वाने जागीच राहू पाहतो, मधली स्प्रिंग दबते, आणि ती सुटली की यंत्रणा फिरते. सुटे भाग कमी, काजळी कमी, आणि वजनही कमी. बेनेलीची अल्ट्रा लाइट बारा बोअरमध्ये सुमारे ६ पौंडांची आहे.

मी शीटमध्ये रकाने केले : वजन, किंमत, साफसफाई, थंडीत चालणं, दुरुस्तीची सोय. काकांची मागणी 'हलकी' होती, म्हणून वजनाला सर्वांत जास्त गुण ठेवले. शीटने बारा बोअरची, ६ पौंडांच्या आसपासची एक इनर्शिया बंदूक वर आणली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष बंदुकीचा नव्हता. काकांनी ती घेतली. दुकानात हातात धरली आणि हसले. "ही तर काठीसारखी आहे!"

पहिले दोन शनिवार त्यांनी मातीच्या उडत्या तबकड्यांवर सराव केला. मी बाजूला उभा. पहिल्या दहा तबकड्यांपैकी आठ फुटल्या. पुढच्या दहातल्या चार. काका म्हणाले, सवय होईल.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सीझन उघडला. सकाळी १० वाजल्याशिवाय बार काढायचा नाही असा नियम, म्हणून सगळे गवताच्या कडेला कॉफी पीत उभे. मी नारिंगी जाकीट घालून काकांच्या मागे. पाऊण तासात कुत्री थिजली. नर उडाला, तांबूस अंगाचा, गळ्यात पांढरी पट्टी, लांब शेपटी. काकांनी बार काढला. पक्षी हवेत हेलपाटला, एक पाय लोंबकळत खाली गवतात पडला. पण पडला तो पळण्यासाठीच.

कुत्रीने ४० मिनिटं शोधलं. आम्हीही शोधलं. एक पीस मिळालं, रक्ताचे दोन थेंब मिळाले, पक्षी मिळाला नाही. काका गाडीपाशी आले, बंदूक रिकामी करून पिशवीत ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा काढली नाही. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "चाप ओढताना माझा डोळा मिटला होता. मला कळलं होतं."

त्या रात्री मी आईलाही सांगितलं. लपवता आलं असतं, पण तिनेच विचारलं होतं. ती म्हणाली, "मग तो कुठे पडून असेल रे आता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक कुठे झाली

रात्री शीट उघडून बसलो. बी.ई.ला पहिल्या वर्षी शिकलेलं साधं गणित मी केलंच नव्हतं. छर्रे जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते. संवेग तोच राहिला आणि बंदुकीचं वजन घटलं, तर धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. छर्रे, डट्टा आणि दारू धरून ढोबळ आकडे असे आले :

८ पौंडांची बारा बोअर, सव्वा औंस छर्ऱ्यांचं जोरदार फेझंट काडतूस : सुमारे ४० जूल.
६ पौंडांची बारा बोअर, तेच काडतूस : सुमारे ५३ जूल.

म्हणजे मी काकांच्या हातातलं पाऊण-एक किलो कमी केलं आणि ऑपरेशन झालेल्या खांद्यावर एक तृतीयांश जास्त मार दिला. शरीराला हे लवकर कळतं. पुढचा धक्का येणार म्हणून बार उडण्याआधीच खांदा आखडतो, डोळा मिटतो, नळी हलते. सरावात दुसऱ्या दहा तबकड्यांना नेमकं हेच होत होतं आणि मी शेजारी उभा राहून फक्त आकडे मोजत होतो.

दुसरी गोष्ट मला तबकड्यांच्या मैदानावरच्या एका जुन्या प्रशिक्षकाने सांगितली. फार हलकी बंदूक पटकन फिरायला लागते, पण पटकन थांबतेही. उडता पक्षी मारायचा तर नळी पक्ष्याच्या पुढे फिरत राहायला हवी, बार निघाल्यावरही. हात थांबला की छर्रे मागे पडतात, आणि मागे पडलेले छर्रे पायाला, शेपटीला लागतात. थोडं वजन पुढच्या हातात असलं तर बंदूक आपल्याच ओघात फिरत राहते.

मग काकांना हवं होतं ते काय? हलकी बंदूक नव्हे. दिवसभर वागवता येईल आणि खांदा आखडणार नाही अशी बंदूक. या दोन अटी एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि माझ्या शीटमध्ये त्यातली एकच होती.

वाट निघते ती धातू कमी करून नाही, बोअर कमी करून. बोअरचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास येतो, तो बारा बोअर, सुमारे १८.५ मिलिमीटर. २० गोळ्या केल्या तर वीस बोअर, सुमारे १५.६ मिलिमीटर. वीस बोअरची बंदूक मुळातच बारीक असते, म्हणून ती हलकी करायला फार काही खरवडावं लागत नाही. आणि तिच्या साध्या काडतुसात छर्रे एक औंस.

सव्वासहा पौंडांची वीस बोअर, एक औंस छर्रे : सुमारे २७ जूल. आधीच्याच्या जवळपास निम्मं.

त्यात गॅसची यंत्रणा घेतली तर हा धक्का जरा लांबवर वाटला जातो. जोरात आलेला कॅच घेताना आपण हात मागे नेतो, तसंच. इनर्शियाची बंदूक साफ करायला सोपी हे खरंच, पण काकांना साफसफाईचा कंटाळा नव्हता, खांद्याचा प्रश्न होता.

फुकट काहीच मिळत नाही. सहा नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात सुमारे २२५ असतात, सव्वा औंसात २८०. म्हणजे पाचवा हिस्सा छर्रे कमी. याचा अर्थ लांबचा पक्षी सोडून द्यायचा. काकांनी स्वतःसाठी नियम केला : ३० मीटरच्या पुढे बार नाही. त्यांची कुत्री पक्ष्याला जवळ धरून ठेवते, म्हणून हे जमण्यासारखं होतं. ज्याच्याकडे कुत्रा नाही, किंवा जो डिसेंबरातले बिथरलेले, लांबून उडणारे पक्षी मारायला जातो, त्याचं उत्तर वेगळं येईल.

दुसरी निवड

पहिली बंदूक काकांनी तोट्यात विकली. नुकसान भरून देतो म्हणालो, तर म्हणाले, "शीट तुझी होती, खांदा माझा. मीही विचारायला हवं होतं."

या वेळी विकत घेण्याआधी मैदानावर भाड्याने मिळणारी वीस बोअरची गॅस बंदूक त्यांनी ५० वेळा चालवून पाहिली. शेवटच्या दहा तबकड्या पहिल्या दहाइतक्याच फुटतात का, एवढंच पाहायचं. फुटल्या. मग सव्वासहा पौंडांची घेतली. २६ इंची नळी, बंदूक दोन हातांच्या मध्ये तोललेली.

दस्त्याची लांबी दुकानात शर्टावर पाहिली जाते आणि शिकार जाड जाकिटात होते, म्हणून जाकीट घालूनच बंदूक खांद्याला लावली. दस्ता थोडा वर-खाली, डावा-उजवा करायला अनेक बंदुकांबरोबर पातळ चकत्या येतात. त्या बदलून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडल्यावर नजर नळीवरून सरळ जाते का, ते पाहायचं. मग ३० मीटरवर मोठा पुठ्ठा लावून छर्रे कुठे आणि किती दाट पडतात ते मोजलं. हे मोजण्याचं काम माझं.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी ठळक लिहितो. वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात, त्याला कारण आहे. पिवळं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेलं तर ते पुढे सरकून अडकतं. मागून बारा बोअरचं भरून बार काढला तर नळी फुटते. काकांच्या घरी जुनी बारा बोअरही होती, म्हणून नवी आल्या दिवशी आधी त्यांनी जाकिटाचे सगळे खिसे उलटे केले. दुसरं, दुनळी बंदूक उघडून धरली की रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. सेमी-ऑटोमॅटिकचं तसं दिसत नाही. म्हणून लोकांत असताना बोल्ट मागे ओढलेला, नळी कुणाकडेही नाही, सेफ्टी लावलेली. आणि सेफ्टीवर भरवसा तरीही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही पुन्हा गेलो. जमिनीवर पातळ बर्फ. पाच तास चाललो. दोन नर लांबून उडाले, काकांनी बंदूक उचललीही नाही. दुपारी तीनच्या सुमारास एका ओढ्याच्या कडेला कुत्री थिजली. नर उडाला, एक बार, आणि तो दगडासारखा खाली आला. कुत्री तो तोंडात धरून हळूहळू चालत आली आणि काकांच्या बुटाशी ठेवून तिथेच बसली. काकांनी त्या दिवशी पुढचा पक्षी शोधला नाही. खांदा दुखत होता का, विचारलं. "नाही. तिचे पाय दुखत असतील," म्हणाले.

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, तडफडला नाही." मग थोड्या वेळाने, "पण तू नको हो करू." मी म्हटलं, नाही करणार. मला त्यात आनंद मिळत नाही, हे मला त्या ४० मिनिटांतच कळलं होतं. पण काकांना चूक म्हणायचं धाडसही मला होत नाही. कोंबडीचं पॅकेट दुकानातून आणणारा मी, पाच तास चालून दोन पक्षी सोडून देणाऱ्याला काय सांगणार?

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बोलावलं आहे तर जा. नारिंगी जाकीट घाल, बंदुकांच्या मागे राहा, कुत्र्यांचं काम बघ. या वर्षी बंदूक घेऊ नकोस. पुढे मन झालंच, तर आधी सुरक्षिततेचा कोर्स आणि परवाना, मग तबकड्यांवर भाड्याची बंदूक. आणि घेताना प्रश्न या क्रमाने विचार : कोणता पक्षी, किती अंतरावर? त्याला कोणतं काडतूस लागतं? ते काडतूस माझा खांदा पन्नास वेळा सोसतो का? दस्ता मला बसतो का? या सगळ्यांची उत्तरं आली की मग शेवटी वजन विचार.

बाकीच्या वाचकांना बंदूक घ्यायची नाही, हे मला माहीत आहे. पण लॅपटॉप असो, सायकल असो, आजीसाठी चाकांची खुर्ची असो, दुकानात आपण पहिला शब्द उच्चारतो तो 'हलकी' हाच. माझ्या शीटमध्ये आता एक रकाना कायमचा वाढला आहे : 'कमी केलेलं वजन कुणाच्या अंगावर गेलं?'

पुढच्या महिन्यात नक्की वॉटर प्युरिफायर. प्रश्न पाठवत राहा.